पैसे घेऊन ‘हे गाणं ऐकाच’ म्हणायचं का?

ताई, मी २४ वर्षांची आहे. त्रिमूर्तीनगरला राहते, एका सीएच्या ऑफिसात नोकरी करते. दोन वर्षांपासून इन्स्टाग्रामवर नव्या पॉप गायकांबद्दल बोलते. मराठी, हिंदी, इंग्रजी, कोरियन, जे आवडेल ते. साडेचार हजार लोक बघतात. मागच्या महिन्यात एका मार्केटिंग एजन्सीचा मेसेज आला. एका नव्या गायकाच्या गाण्यावर रील करायची, तीन हजार रुपये मिळतील, पण पैसे घेतलेत हे कुठे लिहायचं नाही. गाणं वाईट नाहीये. आई म्हणते, ‘मिळून राहिले तर घे ना.’ मला ठरवता येत नाही. दुसरं म्हणजे, गाण्यांचं ॲप मला जे ‘नवीन’ म्हणून दाखवतं तेच माझ्या सगळ्या मैत्रिणींनाही दाखवतं. मग खरंच नवं शोधायचं कुठे? आणि तिसरं. इंडस्ट्रीत काय चाललंय यावर मी एक व्हिडिओ केला, तर एकानं लिहिलं, ‘नागपुरात बसून काय कळतं? आधी मुंबईत येऊन बघ.’ ते मला लागलं. त्याचं बरोबर आहे का?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर

पैशांचं आधी बोलू, कारण एजन्सी तुझ्या उत्तराची वाट बघत असेल. लपवून घेऊ नकोस. उघड सांगून घ्यायचे असतील तर जरूर घे.

हा पेच तुझ्या आधी रेडिओवाल्यांपुढे आला होता. १९५० च्या दशकात अमेरिकेत रेकॉर्ड कंपन्या रेडिओवर गाणी लावणाऱ्या डीजेंना गुपचूप पैसे द्यायच्या आणि मग ठरावीक गाणी पुन्हा पुन्हा वाजायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, डीजेला गाणं मनापासून आवडलंय. १९५९ मध्ये ते उघडकीला आलं, तिथल्या संसदेत चौकशी झाली, रॉक अँड रोल लोकांपर्यंत नेणाऱ्या ॲलन फ्रीडसारख्या नावाजलेल्या डीजेची नोकरी गेली आणि १९६० मध्ये कायदा बदलला. त्या बदलाचं मर्म मला फार महत्त्वाचं वाटतं. पैसे घेऊन गाणं वाजवायला त्यानं सरसकट बंदी घातली नाही. पैसे घेतले असतील तर ऐकणाऱ्यांना तसं सांगा, असं बंधन घातलं. आपल्याकडेही ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलनं २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम केले, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. दोन्हींत हेच आहे: मोबदला घेतला असेल तर ते स्पष्ट दिसेल असं लिहा. म्हणजे एजन्सीची अट नियमांच्याच विरुद्ध आहे. नाही म्हणताना तुला संकोच वाटायचं काहीच कारण नाही.

पण नियम बाजूला ठेवले, तरी तुझ्या पत्रातल्या एका वाक्याशी मी थांबले. ‘गाणं वाईट नाहीये.’ ज्या गाण्यानं तुला झोपू दिलं नाही त्याबद्दल तू असं लिहिलं नसतंस. तुझी माणसं तुझं ऐकतात, कारण तू ‘ऐकाच’ म्हणतेस तेव्हा ते तुला खरंच भावलेलं असतं. ‘वाईट नाही’ला तू ‘ऐकाच’ म्हणालीस, तर त्यांना फरक कळणार नाही. तुला मात्र कळेल. आणि पुढच्या वेळी एखाद्या अनोळखी पोरीचं गाणं खरोखर अंगावर काटा आणेल, तेव्हा तिच्यासाठी वापरायला तुझ्याकडे वेगळा शब्द उरलेला नसेल.

आईचं एक म्हणणं अगदी रास्त आहे. ऑफिसातून दमून आल्यावर तू ऐकतेस, लिहितेस, एडिट करतेस. या मेहनतीला मोल आहे. म्हणून एजन्सीला साधं लिही: ‘रीलवर सुरुवातीलाच “जाहिरात” असं लिहीन. गाण्याबद्दल मला जे वाटलं तेच बोलीन, तुमचा मजकूर वाचणार नाही. चालत असेल तर कळवा.’ चाललं तर तीन हजार आईच्या हातात दे. नाही चाललं, तर त्यांना नक्की काय विकत हवं होतं ते तुला समजेल. नव्या कलाकारांना गाण्याची माहिती नीट लिहून देणं, मुलाखतीची तयारी करून देणं, अशा कामांचेही पैसे घेता येतात. फक्त ज्याचं काम घेतलंस त्याची शिफारस त्या काळात करू नकोस. केलीसच तर नातं सांगून कर.

आता ॲपचं. तुझी तक्रार खरी आहे आणि तिचं कारण ॲपच्या रचनेतच आहे. शिफारशीचं यंत्र मुख्यतः असं चालतं: तुझ्यासारखी गाणी ऐकणारे लोक आणखी काय ऐकतात ते बघायचं आणि तुला पुढे करायचं. स्पॉटिफाय या ॲपची ‘डिस्कव्हर वीकली’ ही यादी २०१५ पासून प्रामुख्यानं याच तत्त्वावर उभी आहे. तुझी आणि मैत्रिणींची आवड सारखी, म्हणून यादीही सारखी. आणि जे गाणं अजून कुणी ऐकलेलंच नाही, त्याच्याबद्दल यंत्राकडे सांगण्यासारखं फार थोडं असतं. त्यात २०२० मध्ये स्पॉटिफायनं ‘डिस्कव्हरी मोड’ आणला. कलाकार किंवा त्याची कंपनी काही गाण्यांवर कमी रॉयल्टी मान्य करते आणि ती गाणी ॲपमधल्याच रेडिओ, ऑटोप्ले अशा आपोआप गाणी लागणाऱ्या जागी पुढे येण्याची शक्यता वाढते. रोख पैसे कुणी कुणाला देत नाही, पण पुढे येण्याची किंमत मोजली जातेच. म्हणून ॲपनं सुचवलेलं जरूर ऐक, पण त्याला शोध म्हणू नकोस.

शोधाची माझी पहिली जागा म्हणजे गाण्याचे क्रेडिट. गाण्याशेजारच्या तीन टिंबांवर दाबलं की गीतकार, संगीतकार, निर्माता अशी नावं दिसतात. आपण गायकाच्या मागे जातो. तू निर्मात्याच्या, म्हणजे गाण्याचा आवाज घडवणाऱ्या प्रोड्युसरच्या मागे जा. २०२४ मध्ये ‘गुलाबी साडी’ देशभर वाजलं आणि संजू राठोडचं नाव सगळ्यांना कळलं. त्याचं संगीत जी-स्पार्कचं आहे हे किती जणांनी बघितलं? त्याच वर्षी रॅपर हनुमानकाइंडचं ‘बिग डॉग्ज’ अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत गेलं. त्या गाण्याचा जो दणका आहे तो कल्मी या निर्मात्यानं घडवला. निर्माता एका गायकाबरोबर थांबत नाही. तो पुढे कुणाबरोबर बसलाय ते बघ, तिथे तुला दोनशे ऐकणारे असलेली माणसं भेटतील, आणि ती का ऐकावीत याचं कारणही तुझ्याकडे तयार असेल. लेबलचंही, म्हणजे गाणं काढणाऱ्या कंपनीचंही तसंच. क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं ‘तांबडी चामडी’ हे मराठी हाउस (क्लबात नाचायला वाजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक प्रकार) गाणं २०२४ मध्ये स्पिनिन रेकॉर्ड्सनं काढलं. ही नेदरलँड्सची, नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताची कंपनी. तिला मराठीत काय दिसलं असेल? माझ्या मते ठेका. आपल्या मराठी शब्दांना मुळात ताशा-ढोलाच्या चालीवर बसायची सवय आहे, आणि हाउसच्या सरळ ठोक्यावर ते शब्द चपखल बसतात. तुझं मत वेगळं असू शकेल. असा एक प्रश्न घेऊन तू दहा मिनिटं बोललीस तर ते मला ‘टॉप फाइव्ह’ याद्यांपेक्षा कितीतरी मोलाचं वाटेल.

आणि एक गाणं आवडलं की त्या माणसाचं मागचं सगळं ऐक. संजू राठोडचं ‘नऊवारी पाहिजे’ आधीच होतं. ज्यांनी ते ऐकलं होतं त्यांना पुढचं गाणं आकाशातून पडल्यासारखं वाटलं नाही.

इथे तुझ्या ‘सगळ्यांच्या आधी’च्या ओढीबद्दल बोलते. पत्रात तू तसं थेट लिहिलं नाहीस, पण ती ओढ मला दिसते आणि ती मला आवडते. तरी चॅपेल रोन या अमेरिकन गायिकेचं उदाहरण लक्षात ठेव. तिचं ‘पिंक पोनी क्लब’ एप्रिल २०२० मध्ये आलं. त्याच वर्षी रेकॉर्ड कंपनीनं तिला सोडून दिलं. ती गावी परतली, मिळेल ते काम केलं, गाणी लिहीत राहिली. पहिला अल्बम २०२३ मध्ये आला, २०२५ च्या फेब्रुवारीत तिला ग्रॅमीचा ‘बेस्ट न्यू आर्टिस्ट’ मिळाला, आणि व्यासपीठावरून तिनं मागणी केली ती हीच की कंपन्यांनी नव्या कलाकारांना पोटापुरता पगार आणि आरोग्य विमा द्यावा. ते जुनं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलं २०२५ मध्ये. गाणं तेच होतं, पाच वर्षं सगळ्यांना ऐकता येत होतं. २०२० मध्ये एकदा ‘ऐका’ म्हणून पुढच्या आठवड्यात दुसऱ्या नावाकडे वळलेल्या माणसाचा तिला काय उपयोग झाला असेल? त्या मधल्या वर्षांत जे तिच्याबद्दल बोलत राहिले, कार्यक्रमाला जात राहिले, त्यांचा झाला. तू दोन वर्षांपूर्वी ज्यांच्याबद्दल बोललीस त्यातले चार जण निवड. आज ते कुठे आहेत, काय करतायत, आवाजात काय बदललं, हे सांग. असं फार कमी लोक करतात.

आता तिसरा प्रश्न, जो तुला लागला.

त्या माणसाचं अर्धं बरोबर आहे. करार कसे होतात, कोणत्या कंपनीनं कुणाला किती आगाऊ रक्कम दिली, कुणाचं कुणाशी बिनसलं, हे मुंबईतल्या बैठकांमध्ये ठरतं आणि तिथे बसणाऱ्यांनाच कळतं. त्याबद्दल तू अंदाज बांधू नकोस. ‘आतल्या गोटातून कळलं’ हा सूर तर अजिबात नको. पण गाणं माणसांपर्यंत पोहोचल्यावर त्याचं काय होतं, हे मुंबईच्या ऑफिसातून दिसत नाही. ते इथे दिसतं, आणि नागपुरात तर फार चांगलं दिसतं.

बघ ना, आपल्या शहरात एका रस्त्यावर मराठी, हिंदी, वऱ्हाडी सगळं ऐकू येतं. गोंदियाकडच्या लग्नांत छत्तीसगढी गाणी वाजतात, इकडे बैतूल-छिंदवाड्याची माणसं सीताबर्डीवर खरेदीला येतात. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे रॅपर ‘१०० आरबीएच’, वऱ्हाडी बोलीत रॅप करत टीव्हीच्या रॅप स्पर्धेपर्यंत गेला. त्याच्या ओळीत एखादा शब्द कुठे मऊ पडतो, कुठे शिवीसारखा लागतो, हे तुला लगेच कळतं. मुंबईतल्या समीक्षकाला त्यासाठी कुणाला तरी विचारावं लागेल. तू ते समजावून सांगितलंस तर त्याला नागपूरची मर्यादा कोण म्हणेल?

आणि दीक्षाभूमी. स्वतंत्र संगीत, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय, सिनेमाशिवाय चालणारं संगीत, हा सध्याचा आवडता विषय आहे. जणू तो इंटरनेटनं जन्माला घातला. अगं, १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर दरवर्षी इथे लाखो लोक येतात, आणि पुस्तकांच्या दुकानांशेजारी भीमगीतांच्या कॅसेटी, पुढे सीडी, मग पेनड्राइव्ह विकले गेले. वामनदादा कर्डकांनी लिहिलेली, प्रल्हाद शिंद्यांसारख्यांनी गायलेली, गावोगावच्या गायन पार्ट्यांनी रात्रभर म्हटलेली ती गाणी. रेडिओ-टीव्हीच्या मुख्य प्रवाहानं त्यांना फारसं विचारलं नाही आणि त्यांचं अडलंही नाही. स्वतःचा श्रोता, स्वतःची विक्री, स्वतःचे सण, सवाल-जवाबाचे कव्वालीचे मुकाबले. आज तीच परंपरा यूट्यूबवर आणि १४ एप्रिलच्या डीजेवर आहे, इंदोऱ्यातली, कमाल चौकाकडची पोरं घरच्या कॉम्प्युटरवर मिक्स करतात. कलाकारानं थेट आपल्या लोकांवर कसं उभं राहायचं, याचे धडे परदेशातल्या तज्ज्ञांच्या व्हिडिओत शोधण्याआधी तिथे जाऊन उभी राहा. कोण काय विकत घेतं, कोणतं गाणं लागलं की माणसं थबकतात, तरुण काय ऐकतात आणि त्यांच्या आया काय ऐकतात, ते बघ. या विषयावर पॉपच्या नजरेनं नीट, आदरानं बोलणारं कुणी मला हवं आहे. तू का नको?

छोट्या जागाही सोडू नकोस. धरमपेठ, रामदासपेठेतल्या कॅफेंचे ओपन माइक, व्हीएनआयटीच्या ‘आरोही’सारखे कॉलेजचे महोत्सव, सिव्हिल लाइन्सला चिटणवीस सेंटरचे कार्यक्रम. मुख्य पाहुण्याआधी कोण गातं ते ऐकायला वेळेवर जा. तिकीट काढून जा, पास मागू नकोस. आता याला आणखी एक कारण आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात ‘द व्हेल्व्हेट सनडाउन’ नावाच्या बँडचे स्पॉटिफायवर दहा लाखांहून जास्त मासिक श्रोते झाले, आणि मग कळलं की ते संगीत एआयच्या मदतीनं बनवलेलं आहे, असा बँड प्रत्यक्षात नाहीच. ज्याला समोर गाताना पाहिलंय, ज्याचा श्वास तिसऱ्या कडव्यात चुकताना ऐकलाय, त्याच्याबद्दल तू जे सांगशील ते यापुढे अधिकच दुर्मीळ होत जाणार आहे.

ट्रेंडबद्दल बोलताना आकड्यांशी जपून वाग. ‘मंथली लिसनर्स’ हा फक्त मागच्या २८ दिवसांचा आकडा असतो. तो खूप मोठा आणि फॉलोअर मूठभर, असं दिसलं तर बहुधा एखाद्या मोठ्या प्लेलिस्टनं उचललंय. लोक गाण्यापर्यंत आलेत, माणसापर्यंत नाही. कलाकाराच्या पानावर तो कोणत्या शहरांत जास्त ऐकला जातो तेही दिसतं. काही विचित्र दिसलं तर मनात प्रश्न ठेव, पण ‘विकत घेतलेले स्ट्रीम’ असा आरोप पुराव्याशिवाय कुणावर करू नकोस. नव्या कलाकाराचं नाव एकदा खराब झालं की ते धुऊन निघत नाही.

त्यापेक्षा नियम काय आहेत आणि गाणी त्यांच्यापुढे कशी वाकतात, हे सांग. ३० सेकंद ऐकलं की स्पॉटिफाय एक स्ट्रीम मोजतं. मग गाण्याची जान पहिल्या अर्ध्या मिनिटात आणण्याची घाई का, हे वेगळं सांगायला नको. २०२४ पासून तिथे मागच्या १२ महिन्यांत किमान १००० स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याला रॉयल्टीच मिळत नाही. मोठ्या गायकाला हा आकडा म्हणजे काहीच नाही. पण ज्या मुलाचं गाणं ७०० वर अडकलंय, त्याच्यासाठी तुझे साडेचार हजार लोक काय आहेत याचा विचार कर. तुझा कल इकडे वळला तर मला आनंद होईल.

आपल्याकडच्या घडामोडी तर कुणी नीट जोडून सांगतच नाही. जून २०२० च्या शेवटी टिकटॉक बंद झालं, दहाएक दिवसांतच इन्स्टाग्रामच्या रील्स आल्या, आणि खेड्यापाड्यातल्या पोरांची गाणी एका रात्रीत घर बदलती झाली. गाण्यांच्या ॲपपैकी २०२२ मध्ये ‘गाना’ सशुल्क झालं, २०२४ मध्ये ‘रेसो’ आणि ‘विंक’ दोन्ही बंद पडली. फुकट ऐकण्याची दारं कमी झाली की ज्याचं नावच माहीत नाही अशा गायकावर कोण वेळ घालवेल? की सगळे पुन्हा यूट्यूबकडेच वळतील? मला वाटतं वळलेच आहेत, आणि म्हणून आपल्या भागात एखादं गाणं किती चाललं हे फक्त स्पॉटिफायवरून ठरवणं चूक आहे. कुणी ‘आता सिनेमाशिवायचं पॉप कायमचं आलं’ म्हणालं, तर त्याला नव्वदचं दशक आठवायला सांग. अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ १९९५ चं. इंडीपॉपची केवढी लाट होती! ती संगीतवाहिन्या आणि कॅसेटींवर उभी होती. ते दोन्ही आधार खचले तशी ती ओसरली. आजची लाट कशावर उभी आहे, तो आधार कुणाच्या मालकीचा आहे, हे विचारणारा माणूस मुंबईचा असो की नागपूरचा, मी त्याचं ऐकेन.

एक शेवटची गोष्ट, आणि ही तू लगेच करू शकतेस. इथल्या नव्या गायकांशी बोलशील तेव्हा ‘प्रेरणा कुठून मिळते’ हे नंतर विचार. गाणं कुठे रेकॉर्ड केलं, मिक्सिंग कुणी केलं, त्याला पैसे दिले का, आणि स्वतःची गाणी आयपीआरएसकडे नोंदवलीत का, हे आधी विचार. ही संस्था १९६९ पासून गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करते. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं त्यांचा हा हक्क बळकट केला, तरी अनेक तरुण मुलांना ती संस्था ठाऊकच नसते. नोंदणी नसेल तर तुझ्या त्या मुलाखतीतच तिची माहिती दे, म्हणजे बघणाऱ्या दुसऱ्या कुणालाही ती मिळेल.